इनहिबिटर उष्णतेने तुटतो का? टॉवरचा आणि बॉयलरचा वेगवेगळा हिशेब

प्रश्न असा आला आहे. कूलिंग टॉवरच्या पाण्यात एटीएमपी आणि एचईडीपी ही दोन फॉस्फोनेट (क्षारांचा थर आणि गंज रोखणारी, फॉस्फरस असलेली रसायनं, म्हणजेच इनहिबिटर), सोबत झिंक आणि पॉलिमर असा प्रोग्रॅम चालू आहे. एका एक्स्चेंजरला (जिथे ट्यूबच्या भिंतीतून प्रोसेसची उष्णता पाण्यात जाते) प्रोसेसच्या बाजूने १८० अंश सेल्सिअस तापमान येतं. गेल्या काही महिन्यांपासून टॉवरच्या पाण्यातलं ऑर्थोफॉस्फेट (साधं, सुटं फॉस्फेट) चढत चाललं आहे आणि शटडाउनमध्ये त्याच एक्स्चेंजरच्या ट्यूबमधून पांढरा, कडक थर निघाला. रसायनाच्या माहितीपत्रकावर ‘औष्णिक स्थिरता २०० अंशांपर्यंत’ असं छापलेलं आहे. मग रसायन उष्णतेने तुटतंय का? २५० अंश सोसणारं दुसरं घ्यावं का? आणि टॉवरमधला हाच पॉलिमर ४० बारच्या बॉयलरला चालेल का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. टॉवरमधलं फॉस्फोनेट तुटत असेल, हे मला मान्य आहे. पण ते उष्णतेने तुटत असण्याची शक्यता फार कमी आहे. माझा पहिला संशय क्लोरीनवर आहे. बॉयलरचं मात्र उलट आहे. तिथे उष्णता खरोखरच रसायन खाते, त्यामुळे टॉवरचा पॉलिमर हिशेब न करता बॉयलरला नेऊ नका.

माहितीपत्रकावरच्या त्या आकड्याकडे आधी बघू. असा आकडा बऱ्याचदा कोरड्या पावडरचा किंवा तीव्र द्रावणाचा असतो. नमुना हळूहळू तापवत नेतात आणि वजन कुठे घटायला लागतं ते बघतात, किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात) काही तास ठेवून किती टक्के शिल्लक राहिलं ते मोजतात. तुमच्या टॉवरमध्ये तोच रेणू पाच-दहा पीपीएम (दहा लाख भागांत पाच-दहा भाग) इतका विरळ असतो, त्याच्याभोवती कॅल्शियम, लोह, तांबं असतं, वरून क्लोरीन पडत असतं, आणि तो तिथे काही तास नव्हे तर काही दिवस फिरत असतो. रेणू तुटणं तापमानावर जितकं अवलंबून आहे तितकंच वेळेवर. ढोबळ मानाने दर १० अंशांना क्रियेचा वेग दुप्पट होतो असं धरलं, तरी ४५ अंशांवर चार दिवसांत जे होईल ते ६५ अंशांवर एका दिवसात होईल. म्हणून ‘किती अंशांपर्यंत टिकतो?’ एवढंच विचारलं की उत्तर अर्धवट मिळतं. किती अंशांवर, किती वेळ, कोणाच्या संगतीत, आणि तुटलाच तर मागे काय उरतं, हे चारही विचारावं लागतं. शेवटचा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, आणि तुमच्या ट्यूबमधला थर बहुधा त्याचाच आहे.

आता वेळेचा हिशेब मांडू. आकडे तुमच्या प्लांटचे घाला, मी सोपे घेतो. समजा टॉवरमध्ये एकूण १००० घनमीटर पाणी आहे, फिरणारा प्रवाह ताशी २००० घनमीटर आणि ब्लोडाउन (मुद्दाम सोडून दिलेलं पाणी), ड्रिफ्ट (हवेबरोबर उडून जाणारे थेंब), गळती सगळं धरून ताशी १० घनमीटर बाहेर जातं. म्हणजे सगळं पाणी अर्ध्या तासात एक फेरी मारतं. रसायनाचा एखादा रेणू सरासरी १०० तास आत राहतो, आणि एकदाच टाकलेला डोस निम्मा व्हायला ०.६९३ गुणिले १००० भागिले १०, म्हणजे साधारण ६९ तास लागतात. या १०० तासांत तो रेणू २०० फेऱ्या मारतो. तुमच्या त्या गरम एक्स्चेंजरमधून एका वेळी जायला ५ सेकंद लागतात असं धरा. सगळं पाणी त्यातूनच जात असतं तरी २०० फेऱ्यांचे १००० सेकंद झाले असते. प्रत्यक्षात एकूण प्रवाहाच्या ५ टक्केच पाणी त्या एक्स्चेंजरला जात असेल, तर सरासरी एका रेणूच्या वाट्याला त्याच्या अख्ख्या आयुष्यात तिथली ५० सेकंदं येतात. उष्णतेला मिळाला एक मिनिटाहून कमी वेळ. क्लोरीनला मिळाले १०० तास. कोणावर संशय घ्यायचा हे या दोन आकड्यांतच दिसतं.

यावर लगेच विचारलं जातं: पण प्रोसेसची बाजू १८० अंशांवर आहे, मग ट्यूबची भिंत? बरोबर प्रश्न आहे, कारण रेणूला काय सोसावं लागतं ते पाण्याच्या सरासरी तापमानावरून कळत नाही; भिंतीचं तापमान, म्हणजे प्लांटमध्ये आपण ज्याला स्किन टेंपरेचर म्हणतो ते, बघावं लागतं. पण भिंत १८० अंशांवर नसते. पाणी ४५ अंशांवर, पाण्याच्या बाजूचा उष्णता-वहन गुणांक ५००० आणि प्रोसेसच्या बाजूचा ५०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश असं धरा. प्रोसेसला जाडसर तेल असेल तर हे आकडे अवास्तव नाहीत. ट्यूबच्या धातूचा अडथळा सोडून दिला तर उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला साधारण ६१ किलोवॅट येतो, आणि पाण्याकडची भिंत ४५ अधिक १२, म्हणजे ५७ अंशांवर राहते. आता त्याच ट्यूबमधला पाण्याचा वेग एक तृतीयांश करा. गुणांक वेगाच्या ०.८ घाताने पडतो, म्हणून तो २००० च्या आसपास येतो आणि भिंत ७१ अंशांवर जाते. पाणी कमी झाल्यामुळे ते स्वतःही जास्त तापून बाहेर पडतं, ते वेगळंच. आणि प्रोसेसच्या बाजूला तेलाऐवजी वाफ कंडेन्स होत असेल, तिथलाही गुणांक ५००० असेल, तर हिशेबाने भिंत ११२ अंशांवर जाते. म्हणजे पाण्याचा दाब कमी असेल तर भिंतीला लागून ते उकळायलाही लागतं.

एचईडीपी किंवा पीबीटीसीसारखी फॉस्फोनेट ५७ किंवा ७१ अंशांवर एका मिनिटात तुटत नाहीत. त्यातला कार्बन-फॉस्फरस बंध चांगला मजबूत असतो. पण ५७ वरून ७१ अंश झाल्याने दुसरं काहीतरी घडतं आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते. कॅल्शियम फॉस्फेटचीही घटते. जिप्समची ४० अंशांच्या आसपास सर्वाधिक असते आणि पुढे उतरते. झिंक हायड्रॉक्साइडही गरम, अल्कधर्मी जागीच आधी खाली बसतं. म्हणजे गरम भिंतीपाशी पाण्याचं क्षार टाकण्याचं बळ वाढतं आणि इनहिबिटरची मात्रा तेवढीच राहते. ५७ अंशांना पुरणारे ५ पीपीएम ७१ अंशांना पुरत नाहीत. रसायन जिवंत असतं, काम त्याच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. प्लांटमध्ये याला सर्रास ‘उष्णतेने केमिकल फेल झालं’ म्हणतात आणि मग महागडं, जास्त तापमानाचं रसायन आणलं जातं. त्या एक्स्चेंजरचा आउटलेट व्हॉल्व्ह तापमान सांभाळण्यासाठी अर्धवट बंद करून ठेवलेला असतो, आणि नव्या रसायनानेही तिथे तोच थर बसतो. प्रोसेस नियंत्रित करायची तर प्रोसेसच्या बाजूला बायपास द्या, पाणी आवळू नका. ट्यूबमधला वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. पाणी शेलच्या बाजूला, म्हणजे ट्यूबच्या बाहेरून, असेल तर बॅफलच्या (प्रवाह वळवणाऱ्या आडव्या पत्र्यांच्या) कोपऱ्यांत साचलेलं पाणी हा वेगळाच धोका आहे; तिथे ५ सेकंदांचा हिशेब चालत नाही, पाणी तासन्‌तास अडकून तापत राहतं.

आता तो पांढरा थर. माझी कळकळीची विनंती आहे की रसायन बदलण्याआधी त्याचा एक तुकडा हातात घ्या. नखाएवढा पुरतो. सफेद बशीत ठेवा, वर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका आणि चेहरा जवळ न नेता, चष्मा लावून, नीट बघा. फसफसून बुडबुडे आले तर कार्बोनेट. शांतपणे, बुडबुडा न येता विरघळत गेला तर कार्बोनेट नाही हे कळलं. मग ते द्रावण गाळून त्यात अमोनियम मॉलिब्डेट आणि नायट्रिक आम्ल घालून कोमट करा. कॅनरी पक्ष्यासारखा पिवळा साका आला की फॉस्फेट आहे. यातली खुबी अशी की मॉलिब्डेटला फक्त ऑर्थोफॉस्फेट दिसतं, अख्खं फॉस्फोनेट दिसत नाही. सरळ चाचणीत पिवळं आलं नाही, पण तेच द्रावण पर्सल्फेट घालून उकळल्यावर (त्याने फॉस्फोनेट तुटून ऑर्थोफॉस्फेट होतं) आलं, तर तुमचा थर कॅल्शियम-फॉस्फोनेटचा आहे. म्हणजे रसायन तुटलेलं नाही, उलट ते जास्त झालं आहे आणि स्वतःच कॅल्शियमला धरून खाली बसलं आहे. एचईडीपीला ही खोड फार आहे, पीबीटीसीला खूप कमी. एका प्लांटमध्ये मी स्वतः अशा थरावर ‘डोस कमी पडतोय’ असं समजून दोन महिने डोस वाढवत गेलो होतो. आम्लाचा थेंब टाकला तेव्हा बुडबुडे आले नाहीत, सरळ मॉलिब्डेटला पिवळं आलं नाही, आणि पर्सल्फेटनंतर परीक्षानळी पिवळीधमक झाली. थर मीच घालत होतो. थर आम्लात अजिबात हललाच नाही तर सिलिका किंवा सल्फेट बघा. तो वेगळा विषय.

तुमचं ऑर्थोफॉस्फेट वाढत आहे, त्यामुळे तुमच्याकडे सरळ पिवळं येईल असा माझा अंदाज आहे: कॅल्शियम फॉस्फेट, कदाचित सोबत झिंक फॉस्फेट. मग प्रश्न उरतो की ते ऑर्थोफॉस्फेट आलं कुठून. तिथे साधं गणित कामी येतं. एचईडीपीच्या रेणूत फॉस्फरसचे दोन अणू आहेत. एक पीपीएम एचईडीपी पूर्ण तुटलं तर ०.९२ पीपीएम फॉस्फेट देतं. एटीएमपीत तीन अणू आहेत, एका पीपीएमचं ०.९५ होतं. पीबीटीसीत एकच अणू, त्याचं फक्त ०.३५. हे शुद्ध, सक्रिय घटकाचे आकडे आहेत. पिंपातल्या द्रावणात सक्रिय घटक किती टक्के आहे ते बघून हिशेब करा. समजा तुम्ही एचईडीपी आणि एटीएमपी मिळून ५ पीपीएम ठेवता. ते सगळं तुटलं तरी पाच पीपीएमपेक्षा जास्त फॉस्फेट मिळणार नाही. टॉवरमध्ये ८ पीपीएम ऑर्थोफॉस्फेट दिसत असेल तर उरलेलं बाहेरून आलं आहे. मेकअप पाण्यात (टॉवरमध्ये भर घालायच्या ताज्या पाण्यात) ०.६ पीपीएम फॉस्फेट असेल आणि तुम्ही ६ सायकल चालवत असाल, म्हणजे बाष्पीभवनाने क्षार सहापट दाट होऊ देत असाल, तर ३.६ पीपीएम तिथूनच आलं. सांडपाणी शुद्ध करून मेकअपला वापरायला सुरुवात झाली असेल तर हे आधी तपासा. सायकल वाढवल्या असतील तर तेही, कारण ब्लोडाउन कमी झाला की फॉस्फेट तर साचतंच, शिवाय रेणूचा आतला मुक्कामही लांबतो.

मेकअप निर्दोष निघाला तर क्लोरीन. मुक्त क्लोरीन एटीएमपीच्या नायट्रोजन-कार्बन जोडावर हल्ला करतो आणि ते झपाट्याने तुटतं. एचईडीपीत नायट्रोजन नाही, म्हणून ते बऱ्यापैकी तग धरतं, पण अभंग नाही. ब्रोमीन वापरत असाल तर त्याच्यासमोर ते आणखी हळवं आहे. पीबीटीसी दोघांनाही चांगलं तोंड देतं. तुमचा प्रोग्रॅम एटीएमपीवर आहे आणि क्लोरीन सतत चालू आहे, तर हे लग्न मुळातच जुळणारं नव्हतं.

इथे एक गोष्ट अगदी जवळून सांगतो, कारण ती कोणत्याही विश्लेषण अहवालात दिसत नाही. एका टॉवरवर ऑर्थोफॉस्फेटचं प्रमाण काही केल्या उतरेना. पाण्यातला मुक्त क्लोरीन ०.३ पीपीएम, म्हणजे अगदी माफक. शेवटी बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. पंपाच्या सक्शनजवळच्या कोपऱ्यात दोन पारदर्शक नळ्या कठड्यावरून खाली सोडलेल्या होत्या. एकीतून हायपोक्लोराइट, दुसरीतून इनहिबिटर. दोन्हींची तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि तिथलं पाणी संथ. डोसिंग पंपाच्या प्रत्येक ठोक्याला दोन्ही थेंब पाण्यात पडत आणि मिसळण्याआधी एकमेकांना भेटत. अख्ख्या टॉवरमध्ये क्लोरीन ०.३ पीपीएम होता, त्या वीतभर जागेत तो टक्क्यांत होता. इनहिबिटरची नळी बेसिनच्या दुसऱ्या टोकाला, वाहत्या पाण्यात नेली. एवढ्यानेच पुढच्या काही दिवसांत ऑर्थोफॉस्फेट उतरायला लागलं. तुमच्याकडे आज जाऊन फक्त हे बघा. आणि सुरक्षेची गोष्ट: ही इनहिबिटर द्रावणं बहुधा चांगलीच आम्लधर्मी असतात. ती हायपोक्लोराइटमध्ये मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींच्या टाक्या एकाच डाइकमध्ये (गळती अडवणाऱ्या बांधात) ठेवू नका, एकाची बादली दुसऱ्याला वापरू नका.

उष्णता की क्लोरीन, हे माझ्या शब्दावर मानण्याची गरज नाही. चार दिवसांत घरच्या प्रयोगशाळेत सिद्ध होतं. टॉवरचं पाणी घ्या, त्यातला क्लोरीन थायोसल्फेट अगदी मोजून घालून संपवा, गाळा, आणि पॉलिप्रोपिलिनच्या स्वच्छ बाटल्यांत भरा. तुमचं इनहिबिटर नेहमीच्या मात्रेत नव्याने घाला. एक बाटली खोलीच्या तापमानाला, अंधारात. दुसरी ओव्हनमध्ये ७० अंशांवर, झाकण घट्ट. तिसरी खोलीच्या तापमानाला, पण रोज क्लोरीन मोजून तुमच्या टॉवरइतका भरत राहा. चौथी तशीच, पण इनहिबिटर पीबीटीसीचं. रोज प्रत्येकातलं ऑर्थोफॉस्फेट आणि एकूण फॉस्फेट मोजा, आणि दोन्ही वेळा गाळलेला आणि न गाळलेला असे दोन नमुने घ्या. गाळलेल्यात एकूण फॉस्फेट कमी आणि न गाळलेल्यात तेवढंच, याचा अर्थ रसायन तुटलं नाही, खाली बसलं. एकूण तेवढंच आणि त्यातला ऑर्थोचा वाटा वाढतोय, याचा अर्थ तुटतंय. फ्लुरोसंट ट्रेसरवर (डोस मोजता यावा म्हणून रसायनात मिसळलेल्या चमकणाऱ्या खुणेवर) विसंबून राहू नका. साधा ट्रेसर तुम्ही किती टाकलं ते सांगतो, किती जिवंत आहे ते सांगत नाही. ट्रेसर ठणठणीत आणि फॉस्फोनेट संपलेलं, असं सहज होऊ शकतं.

पॉलिफॉस्फेटबद्दल इथे बोललं पाहिजे, कारण उष्णतेने तुटणारं खरं रसायन ते आहे आणि त्याची बदनामी उगाच फॉस्फोनेटच्या माथी येते. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट, ट्रायपॉलिफॉस्फेट यांत फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस अशी साखळी असते आणि पाणी ती कापत जातं. तापमान वाढलं, पीएच उतरला, धातूंचे आयन आले की ही कापाकापी वेग घेते. सामान्य तापमानाला, पीएच सातच्या आसपास, ती महिनोन्‌महिने टिकते. ६०-७० अंशांवर हिशेब दिवसांवर येतो. उकळत्या पाण्यात तासांवर. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणाऱ्या मल्टिस्टेज फ्लॅश प्लांटमध्ये हे स्वच्छ दिसलं. पॉलिफॉस्फेट वापरायचं तर ब्राइनचं (फिरणाऱ्या खाऱ्या पाण्याचं) कमाल तापमान ९० अंशांच्या आसपास रोखावं लागायचं, कारण त्यापुढे ते तुटून फॉस्फेटचा गाळ व्हायचा. पॉलिमॅलेइक आम्लासारखे पॉलिमर आल्यावर तीच मर्यादा ११० अंशांपर्यंत गेली. त्यांचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा, पाणी तो कापू शकत नाही. पॉलिफॉस्फेट वापरत असाल तर आणखी एक: त्याचं द्रावण आठवडाभराचं करून उन्हात ठेवू नका. ते टाकीतच ऑर्थो होतं आणि आपण नकळत स्केल घालणारं रसायन डोस करत बसतो. आम्लधर्मी मिश्रणात तर आणखी लवकर.

बाकीच्या रसायनांचं भराभर सांगतो. झिंक हा मूलद्रव्याचा आयन, तो तुटत नाही; पण गरम, जास्त पीएचच्या जागी द्रावण सोडून भिंतीवर बसतो, म्हणून त्याला सल्फोनेटेड पॉलिमरचा आधार लागतोच. गंज रोखायला घालतात ते मॉलिब्डेट उष्णतेला पक्कं. तांब्याचा गंज रोखणाऱ्या टॉलिलट्रायअझोल, बेन्झोट्रायअझोल यांनाही कूलिंगच्या तापमानाचं काही वाटत नाही, त्यांचाही वैरी क्लोरीनच. बंद गरम पाण्याच्या चक्रातलं नायट्राइट ८०-९० अंशांना आरामात राहतं. ते हरवतं ते थंड कोपऱ्यांत वाढणाऱ्या जिवाणूंमुळे, ते त्याचं नायट्रेट करतात. तिथे ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) असेल तर मात्र गरम जागी ते ऑक्सिजनने आंबतं, फॉर्मिक आणि ग्लायकॉलिक आम्ल तयार होतं आणि पीएच घसरतो. इनहिबिटर शाबूत असूनही गंज लागतो.

आता बॉयलर. ४० बारला पाणी जवळपास २५० अंशांवर उकळतं. टॉवरमध्ये रेणूला गरम जागेची एक मिनिटाहून कमी सोबत होती. बॉयलरमध्ये त्याचा सगळा मुक्काम २५० अंशांवर. मुक्काम किती? ड्रम आणि ट्यूब मिळून २० घनमीटर पाणी आणि ब्लोडाउन ताशी १ घनमीटर, तर सरासरी २० तास. आता ही पायरी नीट बघा, इथे अनुभवी माणसंही चुकतात. प्लांटने सॉफ्टनरच्या (फक्त कठीणपणा काढणाऱ्या यंत्राच्या) जागी सगळेच क्षार काढणारा आरओ किंवा डीएम बसवला, पाणी शुद्ध झालं, ब्लोडाउन ताशी ०.२ घनमीटरवर आला. इंधन वाचलं, सगळे खूश. पण पॉलिमरचा मुक्काम २० तासांवरून १०० तासांवर गेला. तापमान एका अंशानेही वाढलं नाही, तरी तोच पॉलिमर जो कालपर्यंत टिकत होता तो आता अर्धामुर्धा तुटलेल्या अवस्थेत फिरतोय. टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजून हे कळत नाही, कारण तुकड्यांतलाही कार्बन तेवढाच मोजला जातो. कमी होते ती रेणूची लांबी, त्यावरचे कार्बोक्झिल गट, आणि लोहाचे कण तरंगत ठेवण्याची ताकद. म्हणून ब्लोडाउनच्या पाण्यातलं लोह फीडवॉटरमधल्या लोहाशी, सायकल धरून, ताडून बघा. आत गेलेलं लोह बाहेर येत नसेल तर ते ट्यूबवर बसतंय.

टॉवरमधला पॉलिमर बहुधा अॅक्रिलिक आम्ल आणि एएमपीएस (सल्फोनेट गट असलेला घटक) यांचा कोपॉलिमर असतो. टॉवरमध्ये कॅल्शियम फॉस्फेट आणि झिंक आवरायला तो उत्तम आहे. पण एएमपीएसमधला सल्फोनेट गट अमाइड बंधाने लटकलेला असतो, आणि २५० अंशांच्या अल्कधर्मी पाण्यात तो बंध सुटतो. ज्या गटासाठी पैसे मोजले तोच गळून पडतो. बॉयलरला साधं पॉलिअॅक्रिलेट त्यापेक्षा बरं आणि पॉलिमेथाक्रिलेट आणखी कणखर. त्याच्या कण्यावरचा मिथाइल गट त्याला उष्णतेसमोर आधार देतो. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ आहे: तोच पॉलिमर नको. बॉयलरसाठी बनवलेला घ्या आणि पुरवठादाराला विचारताना दाबाबरोबर तुमचा मुक्कामाचा वेळही सांगा. त्याने ऑटोक्लेव्हची चाचणी दाखवली तर तीन गोष्टी विचारा: किती तास ठेवलं, आतली हवा नायट्रोजनने काढली होती का, आणि भांडं कशाचं होतं. बॉयलरमध्ये ऑक्सिजन नसतो, त्यामुळे हवेसकट केलेली चाचणी रसायनावर अन्याय करते. काचेच्या भांड्यात गरम अल्कली काच विरघळवते आणि पाण्यात सिलिका आणते. आणि चाचणीनंतर ‘किती टक्के उरलं’ एवढ्यावर थांबले असतील तर तापवलेल्या नमुन्याने पुन्हा स्केल रोखून दाखवा म्हणा. तिथे खरा निकाल लागतो.

बॉयलरमधली इतर रसायनंही याच कसोटीला लावा. सोडियम सल्फाइट एका पीपीएम ऑक्सिजनला जवळपास आठ पीपीएम लागतं आणि ४० बारला चालतं. ६० बारच्या आसपास ते तुटून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड देऊ लागतं, आणि ते वाफेबरोबर कंडेन्सेटमध्ये जातं. हायड्रॅझिन २०० अंशांच्या वर अमोनिया आणि नायट्रोजनमध्ये मोडतं. तो अमोनिया ऑक्सिजनसोबत कंडेन्सरच्या तांब्याच्या मिश्रधातूला खातो, आणि हायड्रॅझिन हाताळणाऱ्याच्या आरोग्यालाही घातक आहे. कार्बोहायड्राझाइड सुरक्षित म्हणून घेतात, पण गरम झाल्यावर त्यातूनच हायड्रॅझिन तयार होतं, हे माहीत असू द्या. कंडेन्सेटसाठीची मॉर्फोलिन, सायक्लोहेक्झिलअमाइन यांसारखी अमाइनं थोडी थोडी तुटून अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्ल देतात. टर्बाइन असलेल्या ठिकाणी कॅटायन कंडक्टिव्हिटी (पाण्यातल्या आम्लांचा, क्षारांचा सुगावा देणारी विद्युतवाहकता) चढली की कंडेन्सर गळतोय म्हणून धावपळ होते, आणि कधी कधी कारण हे असतं. आयन क्रोमॅटोग्राफीत (आयन वेगवेगळे करून मोजण्याच्या चाचणीत) क्लोराइड न दिसता अॅसिटेट दिसलं की उलगडा होतो.

आणि सगळ्यात आधी काय करायचं विचाराल तर असा क्रम लावा. आज दोन डोसिंग नळ्यांची तोंडं बघा आणि त्या एक्स्चेंजरचा आउटलेट व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते बघा. उद्या मेकअपचं फॉस्फेट आणि थराच्या तुकड्यावरचे ते दोन थेंब. या आठवड्यात चार बाटल्या. क्लोरीनच दोषी ठरला तर एटीएमपीच्या जागी पीबीटीसी घ्या आणि झिंक तेवढंच ठेवून सल्फोनेटेड पॉलिमर थोडा वाढवा, कारण आधीचं फॉस्फेट ब्लोडाउनमधून निघून जायला तुमच्या टॉवरच्या अर्धायुष्याच्या चार-पाच पट वेळ लागेल. वरच्या आकड्यांनी दोन आठवडे धरा. तोवर पाणी फॉस्फेटने भरलेलंच असेल आणि ती गरम ट्यूब ते ओढून घ्यायला बसलेलीच असेल.